थंडीच्या दिवसांत दोन बादल्या पाण्यात गाडी कशी धुवावी



गव्हाणीत मोळी पडली की आपल्या सर्वांचे दिवस एकाच चाकावर फिरू लागतात. ऊसतोड, भरणी, वाहतूक, काट्यावरची रांग आणि परतीची वाट. या धावपळीत ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, घरची मोटार आणि फटफटी यांच्या अंगावर जो चिखल, धूळ आणि उसाचा चिकटा बसतो, तो धुवायला कोणालाच फुरसत नसते. शिवाय हे दिवस थंडीचे. अल्लीपूर, हिंगणघाट या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. अशा वेळी पाण्यात हात घालायचा म्हटले तरी जिवावर येते. विहिरीचे पाणी गहू-हरभऱ्याला आणि खोडव्याला पुरवायचे असते. ज्यांच्या पंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते, त्यांना दिवसा नळी लावून गाडी धुणे जमतही नाही.

मग गाडी हंगाम संपेपर्यंत तशीच राहू द्यायची काय? आमचे म्हणणे असे की, नाही. गाडी धुवायला पाणी फार लागते, हा समज खरा नाही. पाणी फार लागते ते क्रम चुकल्यामुळे. क्रम नीट ठेवला तर एक मोटार ३० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्यांत, स्वच्छ निघते. ट्रॉलीचे जे भाग रोज स्वच्छ असलेच पाहिजेत, त्यांना तर एक तांब्या पुरतो. तो क्रम कोणता आणि त्यामागचे कारण काय, हे या लेखात सांगत आहोत.

धुवायची तरी कशाला?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याची गाडी, ती मळायचीच. चकाकीसाठी धुवा, असे आम्हीही म्हणत नाही. आमची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण जिवाचे आहे. उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याने हळू चालते. मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसते ती केवळ मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांच्यामुळे. मोटार वाहन नियमांप्रमाणे चमकणारी पट्टी पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी असावी लागते. पण पट्टी लावली आणि तिच्यावर चिखलाचा थर बसला, तर ती असून नसल्यासारखीच. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. समोरून आलेला उजेड तो परत फेकतो. मध्ये माती आली की उजेड आत जातही नाही आणि परत येतही नाही. थंडीत पहाटे धुके पडते, तेव्हा तर तेवढीच एक खूण असते. दरवर्षी गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीवर मागून वाहन आदळल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातले काही अपघात तरी एका ओल्या फडक्याने टळले असते.

दुसरे कारण आगीचे. तोडीच्या वावरातले वाळलेले पाचट ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत, इंजिनाच्या खोबणीत आणि धुराड्याजवळ अडकते. जाळी बुजली की इंजिन तापते, आणि तापलेल्या धुराड्यावर पाचट धुमसू लागते. शेजारी उसाचा फड असेल तर पुढचे सांगायला नको.

तिसरे कारण गंजाचे. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात आणि त्या मिठाने मोटारींचे तळ गंजून जातात. म्हणून तिकडचे लोक थंडीतही गाडीचा तळ धुतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण मिठाचा भाऊ आहे. आपण उसाला घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आणि मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. दोघेही लोखंडाला सारखेच खातात. खताची पोती वाहिलेली ट्रॉली तशीच दवात उभी राहिली, तर खताचे सांडलेले दाणे ओल ओढून घेतात आणि पत्रा आतून पोखरतात. उसाचा रस सांडून राहिला तर तो आंबतो, आंबट होतो आणि रंगाला, पत्र्याला तोही बाधतोच.

पाण्याचा हिशेब

आपली नळी किती पाणी टाकते हे एकदा घड्याळ लावून मोजून पाहावे. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटे धुण्याला ३०० लिटर पाणी गेले, म्हणजे दीड पिंप. त्यातले निम्म्याहून अधिक पाणी आपण फडके पिळत असताना किंवा दुसऱ्या बाजूला जात असताना जमिनीवर वाहून जाते.

पाण्याची किंमत टंचाईत कळते. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. एप्रिलमधील पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि नळाच्या पाण्याने मोटार धुण्यास बंदी झाली. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरवला गेला. आपल्यावर अशी पाळी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मिलकडून घेण्याचा धडा

थोड्या पाण्यात जास्त धुणे कसे होते, हे शिकायला दूर जावे लागत नाही. ते आपल्या धंद्यातच आहे. ज्या सभासदांनी कारखान्यात मिल पाहिली आहे त्यांना आठवेल की, ऊस ओळीने लागलेल्या चार-पाच मिलमधून पिळत पुढे जातो. चिपाडात राहिलेली साखर धुऊन काढण्यासाठी त्यावर पाणी शिंपडतात. पण हे स्वच्छ पाणी प्रत्येक मिलवर टाकत नाहीत. ते फक्त शेवटच्या मिलच्या आधी टाकतात. त्या मिलमधून निघालेला पातळ रस मागच्या मिलवर येणाऱ्या चिपाडावर जातो, त्याचा रस आणखी मागच्या मिलवर. चिपाड पुढे जाते आणि पाणी मागे येते. जे सर्वांत जास्त धुतलेले, त्याला सर्वांत स्वच्छ पाणी. जे कमी धुतलेले, त्याला आधी वापरलेले पाणी. प्रत्येक मिलवर कोरे पाणी टाकले तर साखर निघेल, पण तेवढे सगळे पाणी पुढे आटवायला वाफ किती लागेल!

गाडी धुण्याचे तत्त्व हेच आहे. स्वच्छ पाणी शेवटी वापरावे आणि वापरलेले पाणी जास्त मळलेल्या भागाकडे न्यावे.

यात फायदा किती होतो तोही पाहू. फडके पिळल्यावर त्यात अर्धा लिटर गढूळ पाणी राहते असे धरा. ते १० लिटर स्वच्छ पाण्यात एकदा खंगाळले, तर फडक्यात २१ वा हिस्सा मळ उरतो. तेच १० लिटर पाणी दोन भांड्यांत ५-५ लिटर करून फडके आधी एकात आणि मग दुसऱ्यात खंगाळले, तर आधी ११ वा हिस्सा आणि पुन्हा त्याचा ११ वा, म्हणजे १२१ वा हिस्सा उरतो. पाणी तेवढेच, काम जवळजवळ सहापट चांगले. घरातल्या बायामाणसांना हे गणित न मांडताही ठाऊक असते. भांडी विसळताना त्या पाणी वेगवेगळ्या टोपल्यांत घेतात ते याचसाठी.

कोरडे काम आधी

पाण्याला हात लावण्यापूर्वी जेवढे कोरडे निघेल तेवढे काढून घ्यावे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात, तेच चाकावरच्या चिखलाचेही होते. म्हणून चाके, मडगार्डची आतली बाजू, ट्रॉलीचा साटा आणि तळ यांवरचा चिखल ओला असताना धुण्याच्या भानगडीत पडू नये. तो वाळू द्यावा. मग बांबूच्या चिपटीने किंवा लाकडी फळीने ठोकला की त्याची ढेकळे आपोआप सुटतात. लोखंडी खुरपे वापरू नये, रंग जातो आणि तिथूनच गंज धरतो.

खत वाहिलेली ट्रॉली आधी खराट्याने कोरडी झाडावी आणि सांडलेले खत वावरात टाकावे. पाचट हाताने व ब्रशाने काढावे, इंजिन थंड झाल्यावरच. रेडिएटरची जाळी आतून बाहेरच्या दिशेने साफ करावी, नाहीतर कचरा आणखी आत जातो.

मात्र मोटारीच्या रंगीत पत्र्यावर आणि काचेवर ही कोरडी पद्धत चालत नाही. धूळ म्हणजे बारीक खडेच. कारखान्याच्या आवारात गाडी उभी राहिली असेल तर तिच्यावर चिमणीची राख बसलेली असते. चिपाडाच्या राखेत सिलिका म्हणजे वाळूचा अंश पुष्कळ असतो. कोरड्या फडक्याने ती पुसली की पत्र्यावर पॉलिशकागद फिरवल्यासारखे बारीक ओरखडे उठतात. सकाळी दवाने ओल्या झालेल्या गाडीवर फडके फिरवण्याचा मोह होतो, पण दव इतके थोडे असते की त्याने धूळ वाहून जात नाही, फक्त तिचा चिखल होतो. रंगीत पत्रा आधी भिजलाच पाहिजे.

दोन बादल्यांचा क्रम

आता प्रत्यक्ष कृती. ३० लिटर पाणी घ्यावे. त्यातले ५ लिटर भिजवण्यासाठी बाजूला ठेवावे. उरलेल्या पाण्याची तीन भांडी करावीत: पहिल्यात ८, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात ९ लिटर. पहिल्या भांड्यात थोडा साबण घालावा. धुण्याची पावडर वापरू नये, ती रंगावरचा मेणाचा थर काढून टाकते. मोटारीचा शांपू नसेल तर रिठ्याचे पाणी उत्तम. आपल्या विहिरीचे पाणी जड असते, त्यात साबणाला फेस येत नाही. रिठा मात्र जड पाण्यातही काम करतो.

फडके मऊ सुती हवे. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा चालतो. हल्ली बाजारात मायक्रोफायबरचे फडके मिळते, तेही चांगले. बटणे, हूक, जाड शिवण असलेले कापड घेऊ नये.

१. बाजूला ठेवलेले ५ लिटर पाणी टपापासून खालपर्यंत शिंपडून घ्यावे. जिथे चिखलाची खपली असेल तिथे ओले गोणपाट दाबून ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. या वेळात पाणीच काम करते, आपण नाही.

२. आधी काचा, दिवे, आरसे आणि नंबरप्लेट. मग टप, बॉनेट, दरवाज्यांची वरची बाजू आणि सर्वांत शेवटी खालची बाजू. नेहमी वरून खाली यावे. फडके पहिल्या भांड्यात बुडवून हलक्या हाताने एका दिशेने ओढावे, गोल घासू नये.

३. फडके मळले की ते पहिल्या भांड्यात खंगाळावे, मग दुसऱ्यात. साबणाचा हात फिरवून झालेल्या भागावर दुसरे फडके तिसऱ्या भांड्यात भिजवून फिरवावे. तिसऱ्या भांड्यात मळके फडके कधीही घालू नये, हे मुख्य.

४. पहिले भांडे गढूळ झाले की ते पाणी फेकू नये. तेच चाकांवर आणि मडगार्डखाली घ्यावे. मग दुसऱ्या भांड्याचे पाणी पहिल्याच्या जागी येते, आणि तिसऱ्यातले थोडे दुसऱ्यात.

५. शेवटी सुक्या सुती फडक्याने लगेच पुसावे. जड पाणी वाळू दिले तर चुन्याचे पांढरे डाग उठतात.

चाकांसाठी वापरलेले फडके पुन्हा काचेला वा पत्र्याला लावू नये. त्याचा रंगच वेगळा ठेवावा म्हणजे घरात गल्लत होत नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत डायनॅमो, स्टार्टर, एअर क्लीनर आणि वायरिंग यांवर पाणी मारू नये. ते ओल्या फडक्याने पुसावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर इंजिन बंद करून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती पुसावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलीन लावावे. धुतल्यानंतर ग्रीस देण्याच्या जागी ग्रीस द्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर येते.

थंडीतली विशेष काळजी

थंड पाण्यात साबण नीट विरघळत नाही आणि ग्रीस, तेल सुटत नाही. म्हणून पाणी सकाळीच काळ्या पिंपात किंवा उघड्या घमेल्यात उन्हात ठेवावे. अकरापर्यंत ते कोमट होते. सरपण जाळण्याची गरज नाही. थंड काचेवर कढत पाणी तर कधीच ओतू नये, काच तडकते.

धुण्याची वेळ साडेदहा ते एक ही बरी. पहाटे धुतले तर हात गारठतात आणि पाणी वाळत नाही. संध्याकाळी धुतले तर दाराच्या रबरात, बिजागरीत आणि ब्रेकमध्ये रात्रभर ओल राहते. धुऊन झाल्यावर गाडी थोडी चालवून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबावा, म्हणजे तो कोरडा होतो. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवला तर तो गंजून धरून बसतो. सपाट जागी गिअरमध्ये उभी करून चाकाला दगड लावावा.

हात भिजवण्यापूर्वी खोबरेल तेल चोळावे. थंड पाणी आणि साबण यांनी बोटांना भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशी कोयता धरताना त्या बोलतात.

फवारणीचा पंप वापरू नका

पाठीवरच्या पंपाने बारीक फवारा मारला तर गाडी कमी पाण्यात भिजते, हे खरे आहे. परंतु ज्या पंपाने औषध मारले तो पंप गाडीला लावू नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. पंपात उरलेला अंश दरवाज्याच्या मुठीला, सुकाणूला लागतो. मग लेकरे त्यालाच हात लावतात. टू-फोर-डी तणनाशकाचा पंप असेल तर आणखी एक धोका आहे. त्याचा थोडासा अंशही कपाशीला लागला की तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरतात. फवारा हवाच असेल तर पाण्यासाठी वेगळा पंप ठेवावा आणि त्यावर रंगाने तशी खूण करावी.

धुतलेले पाणी कुठे जाते?

विहिरीच्या काठावर पाणी जवळ पडते म्हणून पुष्कळ ठिकाणी गाडी तिथेच धुतात. डिझेल, तेल, ग्रीस आणि खत यांचे पाणी त्याच विहिरीत मुरते आणि तेच आपण पितो, ढोरांना पाजतो. नदी-नाल्यात गाडी उतरवून धुणे त्याहून वाईट. जर्मनीत तर तेल जमिनीत मुरू नये म्हणून पुष्कळ गावांत घरापुढे मोटार धुण्यासही मनाई आहे. आपण निदान एवढे करावे: विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला गाडी लावावी, इंजिनाचे तेलकट भाग पाण्याने न धुता भुशाने किंवा चिंधीने पुसावेत, आणि साध्या धुण्याचे पाणी बांधावरच्या झाडाकडे वळवावे. ३० लिटर पाणी बांध पिऊन टाकतो, ३०० लिटर वाहत जाते.

रोजचा एक तांब्या

सगळी गाडी आठ-पंधरा दिवसांनी धुतली तरी चालेल. परंतु ट्रॉली भरून वावरातून डांबरी रस्त्यावर चढली की तिथे दोन मिनिटे थांबावे. एक तांब्या पाणी आणि एक फडके घेऊन मागचे दिवे, लाल पट्टी, बाजूची पिवळी पट्टी, ट्रॅक्टरचे पुढचे दिवे आणि आरसा एवढेच पुसावे. वावरातच पुसून उपयोग नाही, कारण बांध ओलांडताना ते पुन्हा माखतात. ट्रॅक्टरच्या सीटमागे पाण्याचा पाच लिटरचा डबा आणि दोन फडकी कायमची बांधून ठेवावीत. चालक दुसरा असेल तर त्याला हे काम नेमून द्यावे आणि रांगेत गाडी लागली असताना स्वतः मागे जाऊन एकदा पाहावे. वाढे लोंबून दिवा झाकला गेला असेल तर तेही तिथेच कापून टाकावे.

हंगामाच्या गडबडीत आपण उसाचे वजन, उतारा आणि बिल यांचा हिशेब चोख ठेवतो. त्याच वहीत पाण्याचा आणि मागच्या दिव्याचाही हिशेब असू द्यावा. अल्लीपूर भागातील सभासदांनी येत्या रविवारी दुपारी दोन बादल्या घेऊन हा क्रम करून पाहावा. आणि त्याच दिवशी शेजारच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टरही पुसून द्यावा. त्या रस्त्याने रात्री आपलीच माणसे घरी येत असतात.